टीएसएच वाढलंय, तरी गोळी का वाढवता? तुम्ही विचारलंत म्हणून

"टीएसएच वाढलंय, म्हणजे थायरॉइड वाढलंय. मग गोळी 50 ची 75 का केलीत? कमी नको का करायला?" हा प्रश्न इतक्या वेळा समोर येतो की एकदा नीट लिहूनच टाकावं म्हटलं. प्रश्न बाळबोध अजिबात नाही. रिपोर्टच तसा छापलेला असतो. वर 'थायरॉइड प्रोफाइल', खाली टीएसएच 11.8, शेजारी ठळक 'हाय'. ते वाचून कुणालाही वाटेल की थायरॉइड जास्त झालंय.

मेख अशी की टीएसएच थायरॉइडमध्ये तयारच होत नाही. ते मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीतून येतं, थायरॉइडला कामाला लावायला. थायरॉइडने टी4 आणि टी3 हे हार्मोन बनवायचे आणि ते कमी पडले की पिट्यूटरीने टीएसएच वाढवायचं, असा हा कारभार. मुकादम ओरडतोय म्हणजे काम जोरात चाललंय असं थोडंच असतं? काम होत नाही म्हणूनच तो ओरडतो. गोळीतून टी4 पोचलं की टीएसएच आपोआप उतरतं. म्हणून टीएसएच जास्त असेल तर गोळी वाढवायची आणि ते अगदीच खाली गेलं, 0.1 च्या आत, तर बहुधा कमी करायची.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इतकंच. पण खरे घोळ याच्या पुढे होतात, म्हणून थोडं वर चढून बघू.

पिट्यूटरी, शाळेच्या पुस्तकातली पियुषिका, वजनाला जेमतेम अर्धा ग्रॅम. नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळाच्या हाडात एक खोबण असते, त्यात ती बसलेली. तिच्या बरोबर वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात. तिची गाठ वर वाढली की कानांकडच्या बाजूचं दिसणं आधी कमी होतं, ते यामुळे. त्याच्या वर हायपोथॅलॅमस, म्हणजे पिट्यूटरीला हुकूम देणारा मेंदूचा भाग, आणि दोघांना जोडणारा एक बारीक देठ. ग्रंथीच्या मागच्या भागात या देठातून थेट मज्जातंतू उतरतात. लघवीचं पाणी राखणारं एडीएच आणि बाळंतपणातलं ऑक्सिटोसिन वर हायपोथॅलॅमसमध्ये तयार होतं आणि इथे नुसतं साठवलं जातं. पुढच्या भागाला मात्र हुकूम मिळतो तो रक्तातून. देठातल्या बारीक रक्तवाहिन्या वरची रसायनं उचलून थेट खाली सोडतात. अख्ख्या शरीरात फिरवायची नसल्यामुळे ती अतिशय थोडी पुरतात. इतकी थोडी, की थायरॉइडसाठीचं टीआरएच, म्हणजे पिट्यूटरीला टीएसएच सोडायला लावणारं रसायन, शोधताना रॉजर गिलमँ यांना मेंढ्यांच्या आणि अँड्र्यू शॅली यांना डुकरांच्या मेंदूंचे प्रचंड साठे कत्तलखान्यांतून जमवावे लागले, तेव्हा कुठे काही मिलिग्रॅम हाती आलं. रेणू निघाला अवघ्या तीन अमिनो आम्लांचा. 1977 चं वैद्यकाचं निम्मं नोबेल त्या दोघांत वाटलं गेलं. उरलेलं निम्मं रोझलिन यॅलो यांना, रक्तातले असले सूक्ष्म पदार्थ मोजण्याच्या पद्धतीसाठी. आजची टीएसएचची तपासणी त्याच वाटेने आली.

आता आकड्यांचं. टी4 निम्म्यावर आलं तर टीएसएच दुप्पट होत नाही, शंभरपटीच्या आसपास जाऊ शकतं. म्हणूनच टी4 अजून नॉर्मलच्या चौकटीत असताना टीएसएच 7 किंवा 8 दिसायला लागतं. आणि म्हणूनच 40 चं 20 झालं म्हणजे निम्मा आजार गेला, हा हिशेबही चुकीचा. टी4 रक्तात निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात. डोस बदलल्यावर नवी पातळी स्थिरावायला पाचेक आठवडे, मग पिट्यूटरीला जुळवून घ्यायला थोडा वेळ. त्यामुळे पुन्हा तपासायचं ते सहा ते आठ आठवड्यांनी. पंधरा दिवसांत केलेल्या तपासणीवरून डोस बदलला की तो महिनोन्‌महिने वरखाली होत राहतो.

गोळी घेऊनही टीएसएच उतरत नसेल, तर डोसच्या आधी सवयी तपासाव्यात. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि चहा किमान अर्ध्या तासाने, तासाने घेतला तर उत्तम. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तास लांब, कारण त्या पोटातच टी4 ला धरून ठेवतात. काही जण महिनाभर गोळी विसरतात आणि तपासणीच्या आधी चार दिवस इमानाने घेतात. त्यांचं टी4 व्यवस्थित येतं, टीएसएच मात्र चढलेलंच, आणि आम्हाला ते लगेच कळतं! रक्त द्यायच्या दिवशी गोळी रक्त दिल्यावर घ्यावी, नाहीतर टी4 उगीच वर दिसतं. टीएसएच रात्री चढतं आणि दुपारी उतरतं, म्हणून दर वेळी साधारण एकाच वेळी रक्त द्यावं. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर आधी सांगा. अनेक यंत्रं मोजणीसाठीच बायोटिन वापरतात, त्यामुळे टीएसएच खोटं कमी आणि टी4 खोटं जास्त येऊ शकतं. दोन-तीन दिवस आधी ते बंद ठेवलं की बहुतेकदा भागतं. खूप मोठा डोस असेल तर जास्त दिवस लागतात.

हे सगळं झालं मुकादम धडधाकट असताना. तोच आजारी पडला तर टीएसएच ओरडणारच नाही. टी4 खूप कमी आणि टीएसएच 2.1, म्हणजे 'नॉर्मल'. नुसतं टीएसएच तपासलं तर असा माणूस 'थायरॉइड ठीक आहे' असं ऐकून घरी जातो आणि वर्षानुवर्षं थकलेला राहतो. बाळंतपणात खूप रक्त गेलेल्या बाईच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावं. गरोदरपणात पिट्यूटरी फुगते, तिला रक्त जास्त लागतं, आणि नेमकं तेव्हा रक्तदाब कोसळला तर ती मरते. हॅरल्ड शीहान यांनी 1937 मध्ये याचं वर्णन केलं. पहिली खूण म्हणजे बाळाला दूधच येत नाही. मग पाळी परतत नाही, काखेतले केस विरळ होतात, थंडी सोसत नाही, सोडियम घसरतं. 'अंगावर दूधच आलं नाही' हे वाक्य घरातल्या बायका सहज बोलून जातात, त्याची नोंद मात्र क्वचितच कुठे होते. दुसरं कारण आपल्या शेतांतलं, घोणस. तिच्या विषाने रक्त गोठण्याचा तोल बिघडतो, आणि दंशातून वाचलेल्या काही जणांची पिट्यूटरी त्यात निकामी होते. कधी लगेच, कधी काही वर्षांनी लक्षात येतं. जुन्या दंशाचं आजच्या थकव्याशी नातं असेल, हे माणसाला स्वतःहून सुचत नाही. ते विचारावं लागतं.

अशा रुग्णाला टी4 कमी दिसलं म्हणून थेट थायरॉइडची गोळी दिली तर ते जिवावर बेतू शकतं. पिट्यूटरी गेली तर बहुधा अॅड्रिनल ग्रंथींना कॉर्टिसॉल बनवायला सांगणारं एसीटीएच पण गेलेलं असतं, म्हणजे ताणात शरीराला तगवणारं कॉर्टिसॉल नाही. टी4 ने शरीराचा वेग वाढतो, उरलंसुरलं कॉर्टिसॉल लवकर संपतं आणि रक्तदाब कोसळतो. म्हणून आधी सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसॉल बघायचं. ते डेसिलिटरला 3 मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर कॉर्टिसॉल कमी आहे यात फारसा संशय उरत नाही. आधी कॉर्टिसॉलच्या जागी हायड्रोकॉर्टिसोन, दिवसाला 15 ते 20 मिलिग्रॅम, मोठा हिस्सा सकाळी. थायरॉइडची गोळी त्यानंतर. आणि इथून पुढे टीएसएचकडे बघायचंच नाही, डोस फ्री टी4 वर, म्हणजे रक्तात मोकळ्या फिरणाऱ्या टी4 वर, ठरवायचा. 'टीएसएच 0.02 आलंय, गोळी कमी करा' हा सल्ला या रुग्णाला हमखास कुणीतरी देतो.

निरोगी पिट्यूटरी आपणही गप्प करू शकतो. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज 5 मिलिग्रॅम म्हणजे शरीर स्वतः बनवतं साधारण तितकंच कॉर्टिसॉल. त्याहून जास्त डोस तीन-चार आठवड्यांवर गेला की हायपोथॅलॅमस आणि पिट्यूटरी दोघंही स्वस्थ बसतात, एसीटीएच थांबतं, अॅड्रिनल आक्रसते. मग गोळी एकदम बंद केली तर उलट्या, चक्कर, अंगात त्राण नाही. हळूहळू कमी करण्याचा आग्रह असतो तो याच भीतीपोटी, आणि यंत्रणा जागी व्हायला काही महिने, कधी वर्षही लागतं. गुडघेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्या घेणाऱ्यांना तर आपण स्टेरॉइड घेतोय हेच ठाऊक नसतं.

प्रोलॅक्टिनचा, म्हणजे दूध आणणाऱ्या पिट्यूटरीच्या हार्मोनचा, कायदा सगळ्यांहून उलटा. इथे हायपोथॅलॅमसचं काम हुकूम देण्याचं नाही, दाबून धरण्याचं आहे, आणि ते डोपामिन करतं. देठ दुखावला की बाकी हार्मोन घटतात, प्रोलॅक्टिन तेवढं वाढतं. डोपामिन अडवणारी औषधं घरोघरी आहेत. पॅन्टोप्राझोलसोबत एकाच कॅप्सूलमध्ये येणारं डॉमपेरिडोन, लेव्होसल्पिराइड, शिवाय मानसिक आजारांवरची काही औषधं. पाळी चुकलेली, स्तनातून दूध, प्रोलॅक्टिन 90, घरात गाठीची भीती, आणि पर्समध्ये ॲसिडिटीच्या कॅप्सूलची पट्टी! ती बंद करून तीन-चार दिवसांनी पुन्हा तपासलं तर बऱ्याचदा आकडा उतरलेला असतो. मानसिक आजाराचं औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नये.

इथे टीएसएच पुन्हा वाटेत येतं. थायरॉइड फारच कमी असेल तर वरून टीआरएच वाढतं, आणि टीआरएच प्रोलॅक्टिनही वाढवतं. पिट्यूटरी सतत राबून फुगते आणि एमआरआयवर थेट गाठीसारखी दिसते. ती थायरॉइडच्या गोळीने काही महिन्यांत ओसरते, शस्त्रक्रिया लागत नाही. तेव्हा प्रोलॅक्टिन वाढलेलं आलं तर एमआरआयची तारीख घेण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: दिवस गेलेत का, कोणकोणती औषधं चालू आहेत आणि टीएसएच किती आहे.