उत्तरपद आधी शोधा

आमच्या वेळी शाळेत दहावीपर्यंत सगळं मराठीतून होतं. अकरावीला सायन्स घेतलं की नागपुरात सीताबर्डीच्या कॉलेजात तीच रसायनं इंग्रजीतून समोर यायची आणि मराठी माध्यमाची भलीभली पोरं फळ्यावरचं लांबलचक नाव बघून गप्प व्हायची. मी बोलत राहिलो ते आमच्या विज्ञानाच्या सरांमुळे. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकात मला त्यांच्याविषयीच लिहायचं आहे.

"घाई काऊन करून राहिला, बाप्पा? आधी तोड, मंग बोल," असं ते म्हणायचे. तोडायचं कुठे, हे त्यांनी समासावरून दाखवलं. तत्पुरुष समासात उत्तरपद, म्हणजे शेवटचं पद, प्रधान, तसं इथंही मूळ संयुग शेवटी. डीडीटी या कीटकनाशकाचं पूर्ण नाव त्यांनी फळ्यावर उभं मांडलं: डाय-क्लोरो, डाय-फिनाइल, ट्राय-क्लोरो, ईथेन. आधी नुसतं 'ईथेन' म्हणायचं, मग एकेक तुकडा पुढून जोडत जायचं. शेवट गिळायला सक्त मनाई. ईथेन, ईथीन, ईथाइन यांत फरक तेवढाच आणि दोन कार्बनमधला बंध एकेरी, दुहेरी की तिहेरी हे तिथंच कळतं.

मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्या वजनानं बोलतो. इंग्रजीत जोर एका जागी हवा. नाव 'इक'वर संपलं तर त्याच्या अलीकडचं अक्षर ठासून म्हणायचं: सॅलि'सि'लिक, हायड्रो'क्लो'रिक.

फिनॉल्फ्थॅलीनला मात्र सगळेच अडखळायचो. फिनॉल म्हणा, थांबा, थॅलीन म्हणा. मधला 'फ' इंग्रजही बहुधा सोडतात. तो आला कुठून? डांबरगोळीतल्या नॅफ्थलीनवरून आधी नॅफ्थॅलिक आम्ल हे नाव पडलं, पुढे त्यातला 'नॅ' गळला आणि फ्थॅलिक उरलं; तोच तुकडा या नावात आहे. सरांनी हे सांगितल्यापासून ते स्पेलिंग मी कधी पाठ केलं नाही.

पुढे नागपूरच्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत (एलआयटीत) शिकताना एका बाटलीवर वाचलं: पर-आयोडिक ॲसिड. आवर्तसारणीच्या 'पिरिऑडिक'चं स्पेलिंग अगदी हेच. 'पर' वेगळा काढला नाही, तर नावातलं आयोडीनच दिसत नाही!

आता बुटीबोरीच्या कारखान्यात नवी पोरं आली की त्यांच्याकडून मी बाटल्यांवरची नावं अशीच मागून म्हणवून घेतो. फोनवर माल मागवताना पलीकडच्याला मिथेनॉल की ईथेनॉल हे स्वच्छ ऐकू गेलं पाहिजे.