गाडीची नवी बॅटरी घेताना

आधी अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) तपासा. इंजिन चालू असताना बॅटरीला लावलेल्या मल्टिमीटरवर (व्होल्ट मोजायचं यंत्र) साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. कमी असतील तर नवी बॅटरीही उतरेल. अँपिअर-अवर (बॅटरीची क्षमता), आकार आणि प्लसची बाजू जुन्यासारखीच घ्या. बाजू उलटी आली तर केबल पोचत नाही. स्टार्ट-स्टॉपच्या (थांबल्यावर इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या) गाडीत साधी बॅटरी टाकूच नका. तीन महिन्यांहून जुना माल सरळ परत करा.

काढताना आधी मायनस, लावताना शेवटी मायनस. बॅटरी जागेवर धरणारा क्लॅम्प घट्ट हवा, नाहीतर खड्ड्यांत आतल्या प्लेटा सुटतात. टर्मिनलवर पांढरट-हिरवी भुकटी दिसली की गरम पाण्यात खायचा सोडा घालून घासा, कोरडं पुसा, व्हॅसलीन लावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.४ व्होल्टच्या खाली दिसलं, तर लगेच चार्ज करा.