वोल्फ्सशान्त्से १:३५, भाग ७ : चुकीच्या हाताची तीन बोटं

कर्नलसाहेबांचा, म्हणजे हिटलरला त्याच्या वोल्फ्सशान्त्से या मुख्यालयात बॉम्बने उडवू पाहणाऱ्या स्टाउफेनबर्गच्या माझ्या छोट्या आकृतीचा (माप १:३५, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसावा भाग), हात अखेर झाला, आणि चुकीचा झाला. युद्धात त्याचा उजवा हात गेला आणि डाव्याची दोन बोटं, म्हणून तीन बोटं हवीत डाव्या हाताला. मी सहा रात्री खपून उजव्याला केली.

चूक पकडली लेकीने. क्लासवरून आली, भिंगाखाली डोकावली आणि म्हणाली, "बाबा, तुझ्या जुन्या माणसाला उजवा हात नव्हता ना? मग याला कुठून उगवला?" मी म्हटलं, हा नवा आहे. मग माझं मलाच ऐकू आलं.

आता हे घडलं कसं ते सांगतो, म्हणजे तुम्ही तरी वाचाल. मागच्या भागात ठरलं होतं की बेसच्या डाव्या अंगाला चिमट्याचा प्रसंग (कर्नल चिमट्याने बॉम्बचा डेटोनेटर दाबतो तो) आणि उजव्या अंगाला बॉम्ब फुटला ती बैठकीची बराक. या कटावरच्या 'व्हल्किरी' चित्रपटातला तो चिमट्याचा प्रसंग मी इतक्यांदा थांबवून पाहिलाय की घरच्यांनी टीव्हीचा रिमोट लपवायला सुरुवात केली आहे. पण पडद्यावरची चौकट कितीही थांबवली तरी मनगट नेमकं कुठे वळलंय ते कळत नाही, कारण कॅमेरा कधी तोंडावर असतो, कधी चिमट्यावर. म्हणून स्वतःचाच हात वापरायचं ठरवलं. डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका रबरबँडने तळव्याशी बांधली, पक्कड धरली, फोन स्टँडवर लावला आणि स्वतःला पडद्यावर बघता यावं म्हणून पुढचा कॅमेरा चालू केला. तिथेच माती खाल्ली. माझ्या फोनचा पुढचा कॅमेरा फोटो आरशासारखा उलटा साठवतो. मी त्याची मोठी प्रिंट काढली, टेबलासमोर चिकटवली आणि अगदी इमानेइतबारे तिची नक्कल केली. डोळ्याची पट्टी मात्र बरोबर डाव्या डोळ्यावर, कारण डोकं जुन्या आकृतीचं काढून बसवलेलं! म्हणजे ७ एप्रिल १९४३ला ट्युनिशियात माझ्या स्टाउफेनबर्गचा डावा डोळा गेला आणि डावा हात. इतिहास अर्धा बरोबर.

हाताचं गणित ज्यांनी केलं नसेल त्यांच्यासाठी : १:३५ला बोट भरतं साधारण दोन मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर जाड. किटमधली बोटं सुटी करायला गेलं की मोडतात. म्हणून तांब्याच्या तारेचा सांगाडा आणि वर ग्रीन स्टफ (दोन भाग मिसळून घट्ट होणारी हिरवी पुट्टी). इतक्या बारीक कामाला ग्रीन स्टफच. लोक मिलिपुट या दुसऱ्या पुट्टीचं कितीही कौतुक करोत, मला ती कडा धरताना भुसभुशीत वाटते. नळाची गळती बुजवायची पुट्टी जमीन आणि भिंतींना उत्तम, बोटांच्या जवळ नेऊ नका. सुईला मात्र दर मिनिटाला पाणी लावत राहा.

पण रबरबँडचा खेळ अगदीच वाया गेला नाही. अंगठा एका मुठीवर, दोन बोटं दुसऱ्या मुठीवर, अशी पक्कड आवळता येते. दाबलेली पक्कड पुन्हा उघडणं हे खरं दुखणं. मला दर वेळी ती मांडीवर टेकवून उघडावी लागली. कर्नलसाठी चिमट्याच्या मुठी मुद्दाम वाकवून का घेतल्या होत्या ते तेव्हा बोटांना समजलं. शिवाय असं आवळताना कोपर आपोआप बरगडीला चिकटतं आणि खांदा खाली येतो. माझी आकृती मात्र कोपर ऐटीत बाहेर काढून उभी, फोटो काढून घेत असल्यासारखी. म्हणजे हात बरोबर बाजूला असता तरी ती बादच होती. या विचाराने थोडं बरं वाटलं. आणखी बरं वाटावं म्हणून हेही आठवलं : बर्लिनच्या बेंडलरब्लॉकच्या (कर्नलला जिथे गोळ्या घातल्या त्या इमारतीच्या) अंगणात चित्रीकरणाला 'व्हल्किरी'वाल्यांना आधी नकार मिळाला, मग कशीबशी परवानगी मिळाली, आणि शूट केलेली फिल्म लॅबमध्ये रसायनाने खराब झाली. पुन्हा परवानगी, पुन्हा शूटिंग. माझी तर फक्त सहा रात्रींची पुट्टी.

तर दोन्ही हात कोपरापासून कापले. उजवी बाही मनगटाच्या वर रिकामी, टोक आत दुमडलेलं. डावं कोपर नव्याने अंगालगत. पावसाळ्यात पुट्टी सुकता सुकत नाही, म्हणून बुटाच्या खोक्यात टेबललॅम्प सोडून ऊब दिली. गरमीने रसायन भरभर चालतं हे कटवाल्यांनाही नडणारच होतं. त्या ब्रिटिश पेन्सिल डेटोनेटरमधली (ठरावीक वेळाने बॉम्ब उडवणारी पेन्सिलीएवढी नळी) काचेची कुपी चिमट्याने दाबून फुटली की आतलं रसायन बारीक तार खायला लागतं, आणि २० जुलै १९४४ला उकाडा असा की बराकीच्या खिडक्या सताड उघड्या. तीस मिनिटांची पेन्सिल तीस मिनिटं थांबेल याचा भरवसा नव्हता. १२:४२ला स्फोट झाला.

पेन्सिल मात्र झकास जमली, तिच्याबद्दल थोडी शेखी मिरवतो. खरी तेरा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे ३.७ मिलिमीटर. जाडी ०.२३. मेलेल्या चार्जरच्या केबलमधली एक तार बरोब्बर बसली, रंगवायचीही गरज नाही, तांबं ते तांबंच. तीस मिनिटांची खूण लाल, तो पट्टा ब्रशचा एकच केस ठेवून काढला. तुमानीवरचे पट्टेही पहिल्या फटक्यात आले. इथे घाईत लाल वापरू नका : भडक लाल जनरलांचा, जनरल स्टाफवाल्या कर्नलचा किरमिजी. बाजूला व्हॅलेजोचा ८३० फील्डग्रे असला की फरक लगेच दिसतो.

एका दुकानाबद्दल तक्रार आहे, नाव घेत नाही. बैठकीसाठी नऊ रेझिन आकृत्या मागवल्या, त्यातल्या चारांना बुडबुड्यांनी कान नाहीत. परत घेणार नाही म्हणतात.

आणि हे लिहिता लिहिताच एक डोक्यात आलं. बराक करायचीच कशाला? खोलीत चोवीस माणसं, ओकचं टेबल, त्याचा तो जाडजूड आधार, त्याच्या पलीकडे सरकवलेली बॉम्बची बॅग... हे सगळ्यांनी केलंय. माझ्याकडे कान असलेले पाचच आहेत. सगळी गोची तर आधीच, शर्ट बदलायच्या निमित्ताने मागून घेतलेल्या त्या खोलीत झाली. स्फोटकाचे दोन ठोकळे, एकच चिमटा, मदतीला कर्नलचा सहायक हेफ्टन, आणि घाई करा म्हणून दार उघडणारा सार्जंट. दुसरा ठोकळा तसाच राहिला आणि नंतर विमानतळाच्या वाटेवर हेफ्टनने तो गाडीतून फेकून दिला. चित्रपटातही मला स्फोटापेक्षा ते दारच जास्त भिववतं.

म्हणजे माणसं अडीच. सार्जंट फक्त अर्धा : एक बूट, एक खांदा आणि दाराच्या मुठीवरचा हात. त्याला कान नसले तरी चालेल! नाहीतरी दाराआड आहे. टेबलाचं एमडीएफ कापून झालंय ते जमिनीच्या फळ्यांना जाईल. दुसरा ठोकळा कुठे ठेवायचा यावर अजून अडलोय. हेफ्टनच्या हातात दिला तर नजर चिमट्यावरून उडते. उघड्या बॅगेच्या तोंडाशी, कागदात अर्धा गुंडाळलेला, असा ठेवून बघतो. दार आतल्या बाजूला उघडू की बाहेर, हेही ठरवायचंय. आत उघडलं तर कर्नलची पाठ झाकली जाते आणि किरमिजी पट्टे वाया जातात.

कोपर अजून खोक्यात आहे. बोटाने दाबून पाहायचा मोह होतोय, सकाळपर्यंत आवरतो. प्रिंट भिंतीवरून काढली. नवा फोटो लेकीने काढलाय, मागच्या कॅमेऱ्याने, आणि त्यावर स्केचपेनने मोठ्या अक्षरात 'डावा' लिहून दिलंय.