सातव्या चित्रातला गाल

आमच्या ॲनिमेशन स्टुडिओत लाइनआर्ट (म्हणजे कच्च्या चित्रावरून स्वच्छ रेषा काढणे) आणि रंगकाम ही दोन्ही कामे माझ्याकडे आहेत. जपानी पद्धतीत मुख्य चित्रे काढणाऱ्याचे काम ‘गेंगा’, त्यावरून स्वच्छ रेषेची व मधली चित्रे काढणाऱ्याचे ‘दोउगा’ आणि रंग भरणाऱ्याचे ‘शिआगे’ अशी स्पष्ट विभागणी असते. पुण्यातल्या चार माणसांच्या स्टुडिओला ती परवडत नाही. त्यामुळे मुख्य चित्रे काढणाऱ्या आमच्या सरांनी कागदावर काढलेली रफ, म्हणजे कच्ची, चित्रे स्कॅन होऊन माझ्याकडे येतात आणि रंगवलेली होऊन पुढे जातात. मधे जे काही बिघडते ते माझ्याच हातून बिघडलेले असते.

गेल्या महिन्यात एका मोबाइल गेमच्या जाहिरातीतला छोटा शॉट आमच्याकडे होता. गच्चीवर उभी असलेली मुलगी हाक ऐकून मागे वळते, एवढेच. सेकंदाला २४ फ्रेम आणि प्रत्येक चित्र दोन फ्रेम टिकणारे, म्हणजे १४ चित्रांत सव्वा सेकंदाहून थोडे कमी काम. सर अजूनही पेग बारच्या (कागद एकावर एक नेमके बसवणाऱ्या खुंट्यांच्या पट्टीच्या) भोकांच्या कागदावर शिसपेन्सिलीने काढतात, सावलीची हद्द निळ्या पेन्सिलीने आखतात आणि केसांवरच्या चकाकीची तांबड्या पेन्सिलीने. त्यांच्या रफमध्ये एका जबड्याला तीन-तीन रेषा असतात. त्यांतली नेमकी कोणती धरायची, हे ठरवणे म्हणजेच क्लीनअप. ‘रेषा काय, कोणीही गिरवेल’ असे म्हणणाऱ्यांनी हे काम एकदा तासभर करून पाहावे, असे मला मनापासून वाटते.

मी क्लिप स्टुडिओ पेंट हे चित्रे काढायचे सॉफ्टवेअर वापरते. त्यात व्हेक्टर लेयरवर (लेयर म्हणजे चित्राचा एक पारदर्शक थर) ओढलेली रेषा बिंदूंच्या रूपाने साठवली जाते, त्यामुळे तिची जाडी नंतर बदलता येते आणि केसांच्या बटा एकमेकींना ओलांडून पुढे गेल्या, तर छेदापर्यंतचा जादा तुकडा एका स्पर्शात खोडता येतो. हाताची थरथर सावरण्यासाठी स्टॅबिलायझेशनची सोय आहे, ० ते १०० अशी. मी ते ४५ वर ठेवत असे. त्या आकड्यावर रेषा पेनाच्या किंचित मागून येते आणि लांब, तुकतुकीत, कुठेही न अडखळणारी उमटते. चौदाही चित्रे मी अशीच पूर्ण केली होती आणि त्या सकाळी रंग भरायला घेतले होते.

इथे रंगाविषयी थोडे सांगितलेच पाहिजे, कारण बाहेरच्या माणसाला ते सपाट आणि सोपे दिसते. पूर्वी ही चित्रे सेलवर, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या पारदर्शक पत्र्यावर, पुढून रेषा आणि मागून रंग अशी रंगवत. असा रंग एकमेकांत मिसळवत नेणे परवडणारे नव्हते, म्हणून एक मूळ रंग आणि एक सावलीचा रंग, मधे धारदार कड, ही रीत पडली. दूरचित्रवाणीवरची ‘साझाए-सान’ ही जपानी मालिका तर २०१३ पर्यंत सेलवर होत होती. सेल गेले तरी रीत राहिली. तीत सावली म्हणजे मूळ रंगात काळा मिसळणे नव्हे. त्वचेची सावली तांबूसपणाकडे झुकवावी लागते, पांढऱ्या सदऱ्याची निळसर जांभळ्याकडे. नाही तर चेहरा आजारी दिसतो आणि सदरा मळका. रंगाचा डबा (बंद आकारात एका स्पर्शात रंग भरणारे साधन) नीट ओतला जावा म्हणून रेषेच्या कडेला एकही करडा पिक्सेल ठेवायचा नसतो, नाही तर प्रत्येक आकाराभोवती पांढरी किनार उरते. रेषेत एका पिक्सेलची फट राहिली, तर केसांचा निळा रंग सांडून अख्खी गच्ची निळी होते. निळ्या हद्दरेषेचे काम संपले की तिलाही सावलीचाच रंग द्यायचा, म्हणजे ती दिसेनाशी होते. या कामात माझा हात चांगला बसला आहे आणि त्याचा मला अभिमान आहे.

अकराच्या सुमारास सर माझ्या मागे येऊन उभे राहिले. मी चौदाही चित्रे सलग चालवून दाखवली.

“रेषा छान आहेत गं,” ते म्हणाले. “पण ही दुसरीच मुलगी आहे.”

त्यांनी सातवे चित्र उघडले, त्यांचे रफ माझ्या रेषेखाली आणले आणि माझ्या लेयरचा डोळा (तो दाखवणारे-लपवणारे चिन्ह) उघड-बंद करत राहिले. बोलले काहीच नाही, आणि थोड्या वेळाने आपल्या टेबलाकडे निघून गेले. शिकवण्याची ही मूक पद्धत मला मान्य नाही. एक वाक्य बोलले असते, तर माझा अर्धा तास वाचला असता.

अर्ध्या तासाने मला दिसले ते असे. सातव्या चित्रात चेहरा पाऊण वळलेला आहे. डोळ्याखाली गालाच्या हाडाचा बारीक उंचवटा, तिथून रेषा आत जाते आणि हनुवटीपाशी पुन्हा बाहेर येते. सरांच्या पेन्सिलीने त्या उंचवट्यावर क्षणभर थांबून दिशा बदलली होती. माझी रेषा थांबलीच नव्हती. स्टॅबिलायझेशन हाताच्या मागच्या-पुढच्या बिंदूंची सरासरी काढते आणि सरासरीत वळणाचा शेंडाच छाटला जातो. १९२० पिक्सेल रुंद फ्रेममध्ये फरक फक्त ४ पिक्सेलचा होता. परंतु पाचव्यापासून नवव्या चित्रापर्यंत तो उंचवटाच सांगत होता की कवटी फिरते आहे. तो गेल्यावर डोके वळण्याऐवजी चेहराच फुग्यावरच्या चित्रासारखा घसरत होता. शिवाय मुलगी तीन-चार वर्षांनी लहान आणि काहीशी भोळी झाली होती. हे सगळे मी आदल्या रात्री पाहिले होते आणि मला ते सुबक वाटले होते.

स्टॅबिलायझेशन ८ वर आणून मी पुन्हा पहिल्या चित्रापासून सुरुवात केली. पहिली दोन चित्रे रडवणारी होती; मनगटाने ओढलेली प्रत्येक रेषा थरथरत होती. मग झूम कमी केले, कोपर टेबलावरून उचलले आणि खांद्यातून ओढू लागले. एक जबडा सात-आठ वेळा ओढायचा, चुकला की पुसायचा, आणि उंचवट्यापाशी पेनाचा दाब सोडायचा नाही. सायंकाळी सातपर्यंत चौदाही चित्रांच्या रेषा झाल्या. त्या पहिल्याइतक्या गुळगुळीत नव्हत्या, पण मुलगी वळत होती.

सर पाचलाच घरी गेले होते. आमच्या प्रॉडक्शन मॅनेजरने दोन्ही लाइन टेस्ट, म्हणजे नुसत्या रेषांची हलती चित्रे, व्हिडिओ कॉलवर ग्राहकाला दाखवल्या. ग्राहक फोनवर पाहत होते. दोन मिनिटांत निर्णय झाला.

“पहिलं जास्त क्लीन वाटतंय. तेच द्या.”

मॅनेजरने माझ्याकडे पाहिले. “तुझं काय म्हणणं?”

“दोन्ही चालतील,” मी म्हणाले.

हे वाक्य मी का उच्चारले, याचा विचार अजून संपलेला नाही. थकवा होता, आणि पहिल्या संचाचे रंगकाम अर्धे झालेले होते, हेही खरे. ग्राहक पूर्णपणे चूक होते असेही मला म्हणता येत नाही. हाताएवढ्या पडद्यावर ते चार पिक्सेल वेगळे काढून दाखवता येणार नाहीत. मात्र ‘क्लीन’ म्हणजे गुळगुळीत हा समज स्थिर चित्रे पाहून झालेला आहे. स्थिर चित्रात रेषा स्वतःच पाहिली जाते, हलत्या चित्रात रेषेने आकार धरून ठेवायचा असतो, एवढे तरी मी सांगायला हवे होते. ते सांगू शकणारी त्या खोलीत मी एकटीच होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारले, “कोणती गेली?”

“पहिली.”

“बरं,” म्हणाले आणि पुढच्या शॉटचे कागद माझ्या हातात दिले.

तेव्हापासून रोज काम सुरू करण्यापूर्वी वीस मिनिटे मी स्टॅबिलायझेशन शून्यावर ठेवून सरांच्या जुन्या रफमधले जबडे गिरवते. घरी गेल्यावर दुसऱ्या संचाचे रंगकामही हाती घेतले आहे, कोणी मागितलेले नसताना. दहा चित्रे झाली आहेत. सातव्यात गालाच्या उंचवट्याखालून जाणारी सावलीची कड अजून हनुवटीला नीट मिळत नाही. ती आज पुन्हा ओढायची आहे.