उतारे, अर्धवट स्कॅन आणि बसलेली बॅटरी

खानापूर तालुक्यातल्या एका झेरॉक्स दुकानातून फोन आला. "दादा, मशीन चालू व्हायला पंधरा मिनिटं लागाल्यात बघा की ओ. बाहेर उताऱ्याला माणसं उभारल्यात."

मशीन सेलेरॉन एन४०२० या साध्या प्रोसेसरची. दोन कोअर, ४ जीबी रॅम आणि ५४०० आरपीएमची हार्डडिस्क. 'ऑफिसला पुरे' म्हणून असलं मशीन गळ्यात मारणाऱ्याला एकदा सोमवारी सकाळी त्याच्यावर बसवून उतारे काढायला लावलं पाहिजे.

टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ३५ टक्के, डिस्क १०० टक्के आणि वाचनाचा वेग सेकंदाला जेमतेम १ एमबी. डिस्क पूर्ण अडकलेली आणि वेग एवढाच, म्हणजे डिस्कचं वाचणारं हेड हजारो बारीक फायलींमागे पळतंय. अशा वेळी अँटीव्हायरसच्या स्कॅनची सीपीयू मर्यादा ५०वरून २०वर आणली तरी फारसा फरक पडत नाही; अडलंय डिस्कवर.

अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'एफएलटीएमसी' टाकलं. फायलींच्या वाटेवर बसलेल्या ड्रायव्हरांची, म्हणजे फाईल उघडताना मध्ये पडणाऱ्या छोट्या प्रोग्रामांची यादी येते, प्रत्येकापुढे एक आकडा. ३२०००० ते ३२९९९८ हा पट्टा अँटीव्हायरसचा. त्यात दोन कंपन्या ठाण मांडून होत्या. एक मशीनसोबत आलेली, मुदत संपलेली ट्रायल. दुसरी पैसे भरून घेतलेली. दुसरा अँटीव्हायरस टाकला की विंडोजचा डिफेंडर आपण होऊन बाजूला होतो, पण बाहेरचे दोघे एकमेकांसाठी हटत नाहीत. एक फाईल उघडली की दोघंही ती तपासणार.

ट्रायल कंट्रोल पॅनेलमधून काढली, पण यादीत तिचे ड्रायव्हर तसेच. कंपनीचं रिमूव्हल टूल सेफ मोडमध्ये चालवलं, रीस्टार्ट केलं, तेव्हा कुठं पट्ट्यात एकच नाव उरलं. आधीच्या टेक्निशियननं हे केलं नव्हतं. 'अनइन्स्टॉल झालं' एवढं वाचून बिल फाडणारे कमी नाहीत.

बूट, म्हणजे मशीन चालू व्हायचा वेळ, पंधरावरून सहा मिनिटांवर आलं. मला वाटलं, झालं काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत फोन. यावेळी अँटीव्हायरसचा रिपोर्ट नीट वाचला, जो आदल्या दिवशीच वाचायला हवा होता. फुल स्कॅन रोज सकाळी ११ला लावलेला आणि १९ दिवस ओळीनं 'अपूर्ण'. शिवाय 'चुकलेला स्कॅन पुढच्या बूटला चालवा' यावर खूण. पावसात तिकडं करंट दिवसातून तीन-चारदा जातो. करंट गेला की मशीन बंद, आला की स्कॅन पहिल्या फाईलपासून पुन्हा सुरू. पूर्ण व्हायला त्याला चार तास लागत होते, आणि सलग चार तास करंट टिकतच नव्हता.

टेबलाखाली यूपीएस होता. प्लग काढून पाहिला. चार सेकंदांत मान टाकली. आत १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी, फुगून पेटीत अडकलेली, स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटून काढावी लागली. नवी टाकली. फुल स्कॅन आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारी, दुकान बंद करताना मशीन चालू ठेवून. रोज फक्त क्विक स्कॅन, जेवणाच्या वेळी. बूटची खूण काढली. सोमवारी मशीन अडीच मिनिटांत कामाला लागलं. एसएसडी टाकली असती तर आणखी कमी, पण "पुढच्या महिन्यात बघू की ओ."

इथपर्यंत ठीक. पण स्कॅनरचं एक पान सेव्ह व्हायला सहा सेकंद लागतात म्हणून त्या दिवशी मी पीडीएफचं फोल्डर तपासणीतून वगळून दिलं होतं. स्कॅनरनं बनवलेल्या पीडीएफला कसली भीती, असा हिशोब. आठवड्यानं गेलो तर गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हवरच्या फायलीही दुकानातल्या बाई तिथंच उतरवत होत्या. एक फाईल 'आधार.पीडीएफ' दिसत होती, चित्रही पीडीएफचं. एक्स्टेन्शन दाखवायला लावलं तेव्हा शेपूट दिसलं: 'आधार.पीडीएफ.ईएक्सई', म्हणजे कागद नव्हे, प्रोग्राम. उघडली नव्हती, एवढंच नशीब.

फोल्डरला दिलेली सवलत काढली, फुल स्कॅन चालवून बघितला. बाकी काही सापडलं नाही. पेनड्राइव्हसाठी वेगळं फोल्डर करून फक्त स्कॅनरचं वगळता येईल, पण गर्दीत कुठली फाईल कुठं जाईल याची खात्री कोण देणार? आता पानाला परत सहा सेकंद लागतात, आणि "परवापर्यंत बरं चालत होतं की ओ" हे मी ऐकून घेतो.