अणुयुद्धाची पुस्तकं आणि साताऱ्याची रद्दी

जुनी पुस्तकं शोधायला साताऱ्याला चाललोय म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "पुण्यातलं संपलं का सगळं?" संपलेलं नाही. पण अणुधोरण, संरक्षणनीती असल्या विषयांना पुण्याच्या फूटपाथवर गिऱ्हाईक आहे आणि विकणाऱ्याला ते ठाऊक आहे. साताऱ्यात माल वेगळ्या वाटेने येतो. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली इथे निघाली, आणि तालुक्यातलं अपशिंगे तर गावाच्या नावातच 'मिलिटरी' लावतं. अधिकाऱ्यांची पुस्तकं नोकरीभर ट्रंकांतून देशभर हिंडतात आणि निवृत्तीनंतर इथल्या एखाद्या बंगल्यातल्या कपाटात बसतात. मुलं बंगला विकायला काढतात तेव्हा कपाट रद्दीवाल्याकडे जातं.

स्वारगेटहून एसटीने गेलो. रेल्वेने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, स्टेशन माहुलीला आहे, गावाबाहेर. परतताना पुस्तकांचं ओझं घेऊन तिथवर रिक्षाच करावी लागते. फुलांच्या हंगामात शनिवार-रविवार टाळा. अख्खं पुणं कासला निघालेलं असतं. चांगला काळ दिवाळीआधीचा, घराघरांत आवराआवर चालू असते तेव्हाचा. मे-जूनमध्ये दुकानात शाळेच्या गाईडांचे ढीग लागतात आणि आपलं पुस्तक त्यांच्या तळाशी जातं.

मोती चौकापासून सुरुवात करून राजपथाने पोवई नाक्याकडे उतरत गेलो, मग सदर बझार. मुख्य रस्त्यावर फारसं काही नाही, आतल्या गल्ल्यांत शिरायचं. दुकानदाराला 'अणुबाँबवरचं काही आहे का' असं विचारू नका. एकाने तत्परतेने बारावीचं फिजिक्स काढून दिलं. 'मिलिटरीवाल्यांच्या घरचा माल आलाय का?' एवढंच विचारायचं. सदर बझारात यावर उत्तर मिळालं, "हाय की, पर इंग्लिश हाय समदं. कुणी घेत न्हाय. बगा, पायजे तर वजनावर न्या." वजनावर! पुढचे दोन तास मी पोत्यांवर बसून होतो.

अमेरिकी अणुरणनीतीतज्ज्ञ बर्नार्ड ब्रॉडी यांचं १९५९चं 'स्ट्रॅटेजी इन द मिसाइल एज' तिथे निघालं. खरं तर हे विकत घ्यायची गरज नाही, रँड या अमेरिकी संशोधन संस्थेने ते आपल्या संकेतस्थळावर फुकट ठेवलंय. मी घेतलं ते पहिल्या कोऱ्या पानासाठी. तिथे शाईत लिहिलेलं होतं, 'दिल्ली, डिसेंबर १९६४'. चीनने पहिला अणुस्फोट केला १६ ऑक्टोबर १९६४ला. म्हणजे दोनच महिन्यांत कुणी अधिकारी हे पुस्तक घेऊन बसला होता. पहिला घाव बसल्यावरही उलटा घाव घालण्याची ताकद शिल्लक राहिली पाहिजे, तरच धाक टिकतो, हा ब्रॉडींचा मुद्दा जिथे येतो तिथे समासात पेन्सिलीने इंग्रजीत प्रश्न आहे: आपले किती विमानतळ वाचतील? तेव्हा आपल्याकडे अणुबाँब नव्हता, तो वाहून नेणारी क्षेपणास्त्रं नव्हती, पण प्रश्न बरोबर विचारला होता. अण्वस्त्रांचा प्रथम वापर नाही आणि उलट प्रहार मात्र नक्की, ही भूमिका सरकारने अधिकृतपणे मांडली ४ जानेवारी २००३ला. मधली अडतीस वर्षं त्या समासात दिसतात. मला पहिल्या आवृत्त्यांचं वेड नाही. वाचणाऱ्याने वापरलेलं पुस्तक हवं असतं, आणि ते साताऱ्यात मिळतं, कारण इथले वाचणारे त्या धंद्यातलेच होते. तमिळनाडूतल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजच्या परीक्षेसाठी रात्री जागून वाचणारे मेजर रेघा मारतात त्या उगीच नसतात. तेव्हा 'खराब प्रत' म्हणून भाव पाडून घ्या आणि रेघा असलेलीच उचला.

शिक्के नीट बघा. लष्कराच्या महूमधल्या 'कॉलेज ऑफ कॉम्बॅट'चा शिक्का असेल तर पुस्तक तिथे १९७१ ते २००३ या काळात होतं. २००३ला त्या संस्थेचं नाव आर्मी वॉर कॉलेज झालं. पुढे लष्करप्रमुख झालेल्या जनरल सुंदरजींनी तिथले प्रमुख असताना १९८०च्या सुमारास अण्वस्त्रांवर टपालाने चर्चासत्र घेतलं आणि अधिकाऱ्यांची मतं छापली. ते 'कॉम्बॅट पेपर' मी अजून शोधतोय. त्यांनी १९९३ला भारत-पाक अणुयुद्धावर कादंबरीच्या रूपात लिहिलेलं पुस्तक मात्र मिळालं, पाठीचा डिंक सुटलेलं.

एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. पातळ पुठ्ठ्याच्या पुस्तिकेवर 'रिस्ट्रिक्टेड' किंवा 'कॉन्फिडेन्शियल' छापलेलं दिसलं तर ती होती तिथेच ठेवा. फोटोही काढू नका. कितीही जुनी असो, १९२३चा शासकीय गुपितांचा कायदा अजून लागू आहे, आणि संग्रहाच्या हौसेपायी त्यात अडकण्यात शहाणपण नाही.

बंगल्यांत थेट जायचं तर ओळखीनेच जा. मला एका माजी सैनिक काकांनी शाहूनगरात नेलं. घरच्या काकूंनी आधी चहा दिला, मग "यांच्या पुस्तकांना वजनकाटा लावायचा नाही हं," असं बजावलं. तिथे घासाघीस केली नाही, करूही नये. कारगिल आढावा समितीचा अहवाल तिथेच मिळाला, २००० सालचा, पुस्तकरूपातला. सुरक्षेच्या कारणाने काही मजकूर गाळूनच तो प्रसिद्ध झाला, त्यामुळे मजकूर मधेच तुटलेला दिसला तर प्रत सदोष समजू नका.

मे १९९८च्या पोखरणनंतर घाईघाईत निघालेल्या पुस्तकांचा इथे सुळसुळाट आहे. वर्तमानपत्री लेख शिवून बांधलेली ती पुस्तकं सोडून द्या, फक्त शेवटची परिशिष्टं चाळा. भारताच्या अण्वस्त्र-धोरणाचा ऑगस्ट १९९९चा मसुदा पूर्ण छापलेला असेल तर ते जागेला महाग नाही.

साताऱ्याच्या पावसात राहिलेल्या पुस्तकांना कसर असतेच. घरी आणल्यावर कपाटात लगेच घुसवू नका. वेगळी ठेवा, सावलीत वारा द्या, बांधणीत ब्रश फिरवा.

लॉरेन्स फ्रीडमन यांच्या अणुरणनीतीच्या इतिहासाची १९८१ची पहिली आवृत्ती सदर बझारातल्या त्या दुकानात मी सोडून आलोय. माझ्याकडे २००३ची तिसरी आहे, शीतयुद्ध संपल्यानंतरचा भाग त्यात येतो. निळसर पोत्यात, वरून दुसऱ्या थरात आहे. दीडशेच्या वर देऊ नका.