चौथीच्या वर्गाने केलेला पुराचा भोंगा

आमची शाळा पंचवटीत आहे, गोदावरीपासून चालत दहा मिनिटांवर. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की वर्गात बातमी माझ्याआधी पोचलेली असते. "बाई, मारुतीच्या गुडघ्याला लागलं!" नाशिककराला याहून जास्त सांगावं लागत नाही. रामकुंडाजवळची दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती हे आमचं पुराचं माप. पाणी पायाला लागलं, कंबरेला आलं, गळ्याशी आलं, एवढ्यावर सराफ बाजारातले दुकानदार माल वर चढवायचा की नाही ते ठरवतात.

कार्यानुभवाच्या तासाला मी वर्षानुवर्षं कागदाची फुलं, आकाशकंदील, काडेपेट्यांचं घर करून घेत आले. मुलं मन लावून करायची. पण सगळी फुलं सारखी दिसायची, कारण ती माझी असायची. गेल्या वर्षी जूनमध्ये ठरवलं की यंदा सहा आठवडे एकच वस्तू करायची. ती चालली पाहिजे, आणि ती कशी करायची हे मी सांगायचं नाही.

काय करायचं हेसुद्धा मुलांकडूनच यावं म्हणून पहिला गृहपाठ दिला: घरातल्या मोठ्या माणसांना पुराबद्दल विचारून या. दुसऱ्या दिवशी वर्गात नुसता गलका. कुणाच्या पणजीने १९६९चा महापूर पाहिलेला, कुणाच्या वडिलांनी २००८चा. भांडी बाजारात दुकान असलेल्या एका मुलाचे आजोबा म्हणाले होते की पाणी आत आलं हे कळलं तेव्हा खालच्या फळीवरची पातेली तरंगत होती. दुकानाच्या भिंतीवर तेव्हाच्या पाण्याची ऑइलपेंटची रेघ अजून आहे. मी विचारलं, "झोपलेल्या माणसाला पाणी वाढतंय हे कसं कळावं?" थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग दुसऱ्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "पाण्यानेच उठवलं पाहिजे."

काम ठरलं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तीन पालकांना सोबत घेऊन घाटावर गेलो. पाऊस नव्हता, पाणी पात्रात होतं. मारुती पाहिला, मग नारोशंकराच्या देवळाची घंटा पाहिली. पाणी या घंटेला लागलं की महापूर, असं जुनी माणसं सांगतात. खाली उभं राहून वर पाहताना मुलांच्या माना मागे गेल्या होत्या. पाणी एवढ्या उंचीवर येऊ शकतं हे तिथे त्यांना पटलं. परत आल्यावर क्युसेकचं गणित केलं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. शाळेची बादली १५ लिटरची, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन बादल्या. "दहा हजार क्युसेक सोडलं" ही बातमी मुलं कायम ऐकतात. त्या दिवशी त्यांनी ती पहिल्यांदा बादल्यांत मोजली.

वर्गात चौतीस मुलं. सात गट केले. नियम एकच: आधी चित्र, मग सामान. चित्रात प्रत्येक वस्तूचं नाव आणि ती तिथे कशासाठी हे लिहायचं. या एका नियमावर दोन तास गेले आणि ते तास सगळ्यांत महत्त्वाचे होते असं मला आजही वाटतं. एका गटाने भलामोठा भोंगा काढला, पण तो वाजवणार कोण ते चित्रात नव्हतं. मी काही बोलले नाही. शेजारच्या गटाने विचारलं, आणि चित्र फिरलं.

पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे अशा सामानातून जी विज्ञानाची खेळणी उभी केली, ती मी डी.एड.च्या दिवसांपासून पाहत आले आहे. त्यामुळे सामान साधं ठेवायचं हे पक्कं होतं: पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, थर्माकोल, आइस्क्रीमच्या काड्या, अॅल्युमिनियमची फॉइल, वायर, टॉर्चचे बल्ब आणि पेन्सिल सेल. घरातल्या प्लगला कुणीही काहीही जोडायचं नाही, हे रोज म्हणवून घ्यायचे. कटर फक्त माझ्या हातात.

सात गटांपैकी सहांची कल्पना सारखीच. दोन उघड्या तारा बाटलीत सोडायच्या, पाणी तारांपर्यंत चढलं की सर्किट पूर्ण होईल आणि बल्ब लागेल. पाण्यातून वीज जाते हे त्यांना माहीत होतं, कारण ओल्या हाताने बटण लावू नको हे प्रत्येक घरात ऐकवलं जातं. पाणी ओतलं. तारा बुडाल्या. बल्ब लागला नाही. सेल बदलले, तरी नाही. एका मुलाचे डोळे भरून आले.

मला कारण माहीत होतं. टॉर्चच्या बल्बला साधारण ३०० मिलिअँपिअर करंट लागतो आणि नळाच्या पाण्यातून जेमतेम काही मिलिअँपिअर जातो. सांगून टाकावं असं फार वाटलं. त्याऐवजी एवढंच विचारलं, "बल्बला पोटभर मिळत नाहीये. कमी खाणारं काही आहे का?" सेलवरचं घड्याळ, रिमोट, वाढदिवसाचं गाणारं कार्ड अशी नावं आली. गाणाऱ्या कार्डावरून बझरपर्यंत पोचायला दोन दिवस लागले. एम. जी. रोडवरच्या एका दुकानातून मी सात छोटे बझर आणि नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या आणल्या.

बझर वाजला, पण बारीक आवाजात, डास गुणगुणावा तसा. कुणीतरी डब्यातल्या कैरीसोबतचं मीठ पाण्यात टाकलं आणि तो खणखणीत वाजायला लागला. वर्ग नाचला. मी त्यांना तारांकडे बघायला सांगितलं. काळ्या तारेवर बारीक बुडबुड्यांची रांग चढत होती. लाल तारेचं तांबं काळवंडत होतं आणि पाण्याला हिरवट झाक येत होती. मधल्या सुट्टीनंतर ती तार इतकी खराब झाली की हात लावताच टोक तुटलं. भांडी बाजारवाला मुलगा म्हणाला, "आणि गोदावरीत मीठ कोण टाकणार?"

सातवा गट कोपऱ्यात वेगळंच करत होता. त्यात ती दुसऱ्या बाकावरची मुलगी. त्यांचं म्हणणं, वीज पाण्यातून न्यायचीच नाही. पाण्याने फक्त उचलायचं. थर्माकोलच्या तुकड्यावर आइस्क्रीमची काडी उभी, काडीच्या डोक्यावर फॉइलची टोपी, आणि वर बाटलीच्या तोंडाशी दोन तारा, मध्ये बोटभर फट. पाणी चढलं की थर्माकोल वर येणार, टोपी दोन्ही तारांना एकदम टेकणार. धातूतून जाणारा करंट, त्यामुळे बझर पूर्ण आवाजात.

कागदावर सुरेख. बाटलीत मात्र थर्माकोल तिरका होऊन भिंतीला चिकटायचा आणि तिथेच अडकायचा. पहिल्या दहा वेळांत दोनदा वाजला. त्यांनी तुकडा लहान केला, तर काडीच्या वजनाने तो आडवा पडला. तुकडा गोल कापला. शेवटी कुणाला तरी स्ट्रॉ सुचली: वर आडव्या काडीला स्ट्रॉचा तुकडा उभा चिकटवायचा आणि आइस्क्रीमच्या काडीऐवजी झाडूची काडी त्यातून जाऊ द्यायची, म्हणजे ती सरळच चढेल. दहात नऊ वेळा वाजला. दहाव्या वेळी फॉइल सुरकुतली होती. ती नखाने साफ करायची हेही त्यांनी वहीत लिहून ठेवलं.

बाकी गटांनी मिठाचं पाणी सोडलं आणि त्यांच्याकडे शिकायला गेले. याला नक्कल म्हणायचं का, असा प्रश्न स्टाफरूममध्ये निघाला. मला तसं वाटत नाही. कारखान्यात काम असंच पुढे जातं, आणि सातपूर-अंबडला कामाला जाणाऱ्या पालकांना हे समजावावं लागलं नाही. एका पालकांनी मात्र, सहा आठवडे खेळण्यात गेले, स्कॉलरशिपची तयारी कधी, असं बरंच तोडून विचारलं. मी त्यांच्या मुलाची वही पुढे ठेवली. दहा चाचण्यांचा तक्ता, मिलिमीटरमध्ये मोजलेली फट, आणि समासात लिहिलेलं "आवाज का कमी झाला?" ते वही उलटत राहिले. पटलं की नाही हे मला कळलं नाही.

शेवटच्या शनिवारी हात धुवायच्या नळाखाली सातही बाटल्या मांडल्या. प्रत्येक बाटलीवर मार्करने मारुती काढलेला: पाय, गुडघे, कंबर, गळा. बहुतेकांनी बझर गुडघ्याला लावला होता. भांडी बाजारवाल्याने पायाला. "गुडघ्यापर्यंत थांबलं तर खालची पातेली जातात," तो म्हणाला. पाच बझर वाजले, दोन नाही. त्या दोन गटांनी सोमवारी दप्तर ठेवायच्या आधी ते दुरुस्त केले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या दुसऱ्या बाकावरच्या मुलीची आई शाळेत आली. त्यांच्या वस्तीत पहाटे नळाला पाणी येतं, तेव्हा ड्रम भरेपर्यंत तिला जागं बसावं लागायचं. आता ड्रमच्या काठाला लेकीची बाटली बांधलेली आहे. "वाजला की उठते," ती म्हणाली, आणि बॅटरी कुठे मिळते ते विचारून गेली.